पोकळ भांड्यांतील वीज

वैशाखाचे शेवटचे दिवस होते. दाजीपुराकडून राधानगरीला येणाऱ्या एस्. टी. च्या मोटारींत मी बसलों होतों. दुपारीं चारच्या सुमारास आभाळ काळेंभोर झालें, वारा सुटला, आणि वळवाच्या पहिल्याच सरीबरोबर पुढें रस्त्यावर एक झाड आडवें झालें. मोटार थांबली. दोन्ही बाजूंस दाट रान. आणि विजा अशा कडाडूं लागल्या कीं, प्रकाश आणि आवाज यांच्यामध्यें श्वास घेण्याइतकीहि उसंत राहिली नाहीं. मोटारींतील एक वृद्ध बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही गाडी समदी लोखंडाची हाय. वीज लोखंडावरच येती. उतरा समदी, त्या आंब्याखाली जाऊया." दोघेतिघे खरोखरच उठले. मोटारीचा कंडक्टर माझा जुना विद्यार्थी. त्यानें मजकडे पाहून विचारलें, "गुरुजी, काय करू? उतरवू काय माणसं?"

मीं सांगितलें, "एकालाहि उतरूं देऊं नकोस. खिडक्या लावून घ्या, आणि लोखंडी दांड्याला कोणी हात लावूं नका." लोक बसले, पण त्या बाई मजवर रागावल्या. "लोखंडाच्या पेटीत बसून विजेपासनं वाचायचं, ह्ये कुठल्या शाळेत शिकिवत्यात, गुरुजी?"

त्या गडबडींत मला त्यांना उत्तर देतां आलें नाहीं. आज तें देण्याचा प्रयत्न करणार आहें. हें शाळेंत शिकवितात, हें खरें. परंतु तें शोधून काढण्यास विद्वानांना सुमारें नव्वद वर्षें लागलीं, आणि त्या शोधाची मोठी मौज अशी कीं, त्यांतील प्रत्येक महत्त्वाच्या प्रयोगांत पाहणाराला जें दिसलें तें एकच होतें: कांहींहि घडलें नाहीं.

या कथेचा आरंभ अमेरिकेंत होतो. बेंजामिन फ्रँकलिन या गृहस्थांचें नांव वीजवाहक दांड्यामुळें आपल्या परिचयाचें आहे. १७५५ सालच्या मार्च महिन्यांत त्यांनीं आपले मित्र डॉ. जॉन लाइनिंग यांस एक पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं एका साध्या प्रयोगाची हकीकत दिली होती. त्यांनीं चांदीचें एक पेयपात्र दुर्वाहक बैठकीवर ठेवून त्यास विद्युद्भार दिला. नंतर रेशमी धाग्याला बुचाची एक लहान गोळी बांधून ती त्या पात्रांत सोडली. हीच गोळी पात्राच्या बाहेरच्या अंगाजवळ नेली असतां पात्र तिला ओढून घेई. आंत सोडलेली गोळी मात्र कोणत्याहि बाजूस ओढली गेली नाहीं. ती तळाला टेकविली. तरी वर काढल्यावर तिच्यावर भार आला आहे, असें दिसलें नाहीं. फ्रँकलिन यांनीं पुढें मोठ्या प्रांजळपणें कबूल केलें कीं, असें कां होतें, हें मला ठाऊक नाहीं. आपणांस न कळलेली गोष्ट कळली नाहीं असें लिहून ठेवणें, हीहि शास्त्राची एक सेवाच आहे. पुढील सर्व इतिहास त्या एका कबुलीपासून सुरू झाला.

फ्रँकलिन यांनीं हा प्रयोग आपले इंग्लंडमधील मित्र जोसेफ प्रीस्टले यांस करून पाहावयास सांगितला. प्रीस्टले यांनीं तो १७६६ च्या डिसेंबरांत केला, आणि पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या विद्युत्शास्त्राच्या इतिहासग्रंथांत त्याचा अर्थ लावून दाखविला. त्यांस न्यूटनचा एक सिद्धांत आठवला. पृथ्वी जर पोकळ कवचासारखी असती, तर तिच्या आंत असलेल्या पदार्थाला ती कोणत्याच बाजूस ओढूं शकली नसती, असें न्यूटननें सिद्ध केलें होतें. मग विजेचें आकर्षणहि गुरुत्वाकर्षणाच्याच नियमाला अनुसरून, म्हणजे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असलें पाहिजे, असें प्रीस्टले यांनीं अनुमान काढलें.

हा मुद्दा थोडा समजून घेऊं. एका पोकळ गोलाच्या आंत, मध्यावर नव्हे तर एका बाजूस सरकून, एक कण लोंबत आहे अशी कल्पना करा. जवळची भिंत त्याच्यापासून एक हात दूर आहे, समोरची तीन हात दूर. त्या कणापासून दोन्ही दिशांना, बॅटरीचा झोत पसरावा तसे, सारख्याच रुंदीचे दोन अरुंद झोत सोडले, तर समोरच्या भिंतीवर पडणारा ठिपका जवळच्या भिंतीवरील ठिपक्याच्या नऊपट मोठा असेल. कारण अंतर तिप्पट झालें म्हणजे क्षेत्र नऊपट होतें. क्षेत्र नऊपट, म्हणून तेथें भारहि नऊपट. परंतु अंतर तिप्पट असल्यामुळें त्या भाराचा जोर मात्र नवव्या हिश्शाइतका. नऊपट आणि नववा हिस्सा यांचा गुणाकार बरोबर एक होतो. जवळची भिंत जितकें ओढते, तितकेंच दूरची ओढते. कोणत्याहि दिशेनें झोत सोडा, हाच हिशेब येतो. मात्र नियम अंतराच्या वर्गाचा असेल तरच. त्यांत यत्किंचित् फरक असता, तर हा हिशेब चुकला असता आणि कण हलला असता. म्हणजे कणाचें न हलणें हाच नियमाचा पुरावा झाला.

प्रीस्टले यांनीं हें अनुमान केलें. त्याचें माप मात्र घेतलें नाहीं. तें घेतलें हेन्री कॅव्हेंडिश या अतिशय अबोल आणि एकांतप्रिय इंग्रज शास्त्रज्ञानें. १७७२ आणि १७७३ या सालांत त्यांनीं सुमारें बारा इंच व्यासाचा एक गोल घेतला, त्याच्याभोंवतीं दोन पोकळ अर्धगोल मिटतील अशी योजना केली, आणि आंतला गोल बाहेरच्या कवचाला तारेच्या तुकड्यानें जोडला. मग कवचाला भार दिला. त्यानंतर रेशमी दोऱ्यानें तो तारेचा तुकडा काढून घेतला, कवच उघडून दूर केलें, आणि आंतल्या गोलाजवळ भेंडाच्या दोन हलक्या गोळ्या नेल्या. आंतल्या गोलावर थोडासा जरी भार असता, तरी त्या गोळ्या एकमेकींपासून दूर झाल्या असत्या. त्या जागच्या हलल्या नाहींत.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. 'गोळ्या हलल्या नाहींत' एवढ्यावर कॅव्हेंडिश थांबले नाहींत. त्यांनीं स्वतःला विचारलें, किती भार असता तर त्या हलल्या असत्या? त्यांनीं मुद्दाम फार थोडा भार देऊन तेंहि तपासलें आणि असें ठरविलें कीं, बाहेरच्या भाराचा साठावा हिस्सा जरी आंत असता, तरी तो आपल्याला दिसला असता. त्यावरून त्यांनीं गणित केलें कीं, नियमांतील घातांक दोन आहे, आणि चूक असलीच तर ती एकाच्या पन्नासाव्या हिश्शापेक्षां अधिक नाहीं.

एवढें करून या गृहस्थांनीं तें प्रसिद्धच केलें नाहीं! कागद पेटींत राहिले. १७८५ सालीं फ्रान्समध्यें कुलोम यांनीं तारेच्या पिळाच्या तराजूनें हाच नियम मोजून जाहीर केला, आणि आज तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. कॅव्हेंडिश १८१० सालीं वारले. त्यांचे ते कागद पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं संपादून १८७९ सालीं छापले. त्याच सालच्या नोव्हेंबरांत मॅक्सवेलहि निवर्तले. मॅक्सवेल यांनीं तो प्रयोग अधिक चांगल्या साधनांनीं पुन्हां करविला, तेव्हां चुकीची मर्यादा एकाच्या एकवीस हजार सहाशेंव्या हिश्शापर्यंत खालीं आली. १९३६ सालीं प्लिंप्टन आणि लॉटन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ती दोन अब्जांशांपर्यंत नेली, आणि १९७१ सालीं विल्यम्स, फॅलर व हिल यांनीं ती एकावर सोळा शून्यें ठेवून होणाऱ्या संख्येनें एकाला भागलें असतां जें येतें, त्या सुमारापर्यंत पोंचविली. दोनशें वर्षांत साधनें बदललीं, परंतु प्रयोगाचें मूळ तेंच राहिलें: भांडें पोकळ असावें आणि आंत काय दिसत नाहीं तें पाहावें.

येथवर आपण भांड्यावरील भाराचा विचार केला. आतां प्रश्न उलटा करूं. भार भांड्यावर न देतां भांड्याच्या पोकळींत, अधांतरीं, एका बिंदूपाशीं ठेवला तर काय होईल? बाहेरच्या जगाला त्याची वार्ता लागेल कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर मायकेल फॅराडे यांनीं दिलें.

फॅराडे हे लोहाराचे पुत्र. त्यांचें शालेय शिक्षण अगदीं थोडें झालें. पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानीं उमेदवारी करीत असतां, बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून ते शिकले. गणित त्यांस येत नव्हतें. १८३६ च्या जानेवारींत त्यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहांत बारा फूट लांब, रुंद व उंच असा एक लांकडी सांगाडा उभा केला. त्यावर तांब्याच्या तारा ताणल्या, कागद आणि कथलाचा वर्ख लावला, आणि ती सारी खोली जमिनीपासून विद्युद्दृष्ट्या अलग केली. मग एका मोठ्या यंत्रानें तिला असा भार देण्यांत आला कीं, तिच्या बाहेरच्या अंगावरून ठिणग्या उडूं लागल्या. अशा वेळीं फॅराडे स्वतः आंत जाऊन बसले. पेटत्या मेणबत्त्या आणि नाजूक विद्युद्दर्शक घेऊन त्यांनीं आंतल्या कोपऱ्याकोपऱ्यांत शोध केला. आंत विजेचा मागमूसहि नव्हता.

मोटारींतील त्या बाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. लोखंडाच्या पेटींत बसून विजेपासून वांचतां येतें कीं नाहीं, हें एका माणसानें स्वतः त्या पेटींत बसून पाहिलें होतें.

उरलेलें अर्धें उत्तर १८४३ सालचें आहे. फॅराडे यांनीं बर्फ ठेवावयाची एक बादली घेतली. साडेदहा इंच उंच आणि सात इंच रुंद. ती दुर्वाहक आधारावर ठेवून, तिचें बाहेरचें अंग तारेनें सोन्याच्या वर्खाच्या विद्युद्दर्शकाला जोडलें. या विद्युद्दर्शकांत वर्खाचीं दोन पानें जवळजवळ लोंबत असतात. भार आला म्हणजे तीं फांकतात. मग एका लांब रेशमी धाग्याला पितळेची गोळी टांगून, तिला भार देऊन, ती हळूहळू बादलींत सोडली. गोळी आंत उतरूं लागली तशीं पानें फांकूं लागलीं. गोळी कांठाच्या सुमारें तीन इंच खालीं गेली, आणि त्यानंतर पानें स्थिर झालीं. ती आणखी खालीं नेली, तरी पानें तशींच राहिलीं. मग ती तळाला टेकविली. पानें तरीहि तशींच! गोळी बाहेर काढून पाहिली, तों तिच्यावरील भार पार नाहींसा झालेला. सर्वच्या सर्व बादलीला मिळालेला.

हा प्रयोग मीं शाळेंत अनेक वर्षें करून दाखविला आहे. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. आणि खेड्यांतल्या शाळेंत फॅराडेची बादली कोठून असणार? घरची पितळी कळशी नेत असें. ती पॅराफिन मेणाच्या जाड वडीवर ठेवावयाची. कांचेच्या बाटलींत तार बसवून, चॉकोलेटावर गुंडाळतात त्या ॲल्युमिनमच्या कागदाचीं दोन पानें लोंबवावयाचीं, कीं झाला विद्युद्दर्शक. आमच्या राधानगरीच्या पावसाळ्यांत हा प्रयोग जमत नाहीं. ओल्या हवेंत वडीवर आणि धाग्यावर दमटपणा बसतो आणि भार निसटून जातो. पौष-माघांतल्या कोरड्या दुपारीं मात्र तो इतका सुरेख होई कीं, मुलें बाकांवर उभीं राहून पाहत. एकदां गोळी कळशीच्या एका बाजूला, भिंतीला लागेल न लागेल इतकी जवळ गेली, तेव्हां एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, गोळी कडेला गेली, मग पानं का हलंनात?"

हाच या विषयाचा गाभा आहे. त्या मुलीला मीं जें सांगितलें, तेंच येथें सांगतों.

धातूच्या अंगांत भार मोकळेपणें फिरूं शकतो. धातूच्या आंत कोठेंहि ओढ शिल्लक असेल, तर तेथील भार त्या ओढीसरसा हलूं लागतो आणि ओढ नाहींशी होईपर्यंत हलत राहतो. म्हणून, सर्व कांहीं स्थिर झालें म्हणजे, धातूच्या जाडींत विजेची ओढ मुळींच उरत नाहीं. आतां कळशींत गोळी टांगली आहे. तिच्यापासून निघालेली ओढ कळशीच्या आंतल्या पृष्ठभागापर्यंत जाते. पुढें धातूच्या अंगांत ती शिरूं शकत नाहीं. तिला आंतल्या पृष्ठभागावरच संपविण्यासाठीं तेथें विरुद्ध जातीचा भार जमतो. आणि तो गोळीवरील भाराइतकाच, तसूभरहि कमी वा अधिक नव्हे. कळशीवर आधीं भार नव्हता. आंतल्या अंगावर विरुद्ध जातीचा भार जमला, तर तितकाच सजातीय भार उरला पाहिजे. तो बाहेरच्या अंगावर जाऊन बसतो. तोच पानांना फांकवितो.

आतां गोळी कडेला नेली. आंतल्या अंगावरील भार तिच्यासमोर गर्दी करतो. ही गर्दी किती होते, याचें एक उदाहरण देतों. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या पोकळ गोलांत, मध्यापासून पांच सेंटिमीटरवर गोळी ठेवली आहे असें समजा. जवळची भिंत तिच्यापासून पांच सेंटिमीटर, समोरची पंधरा. या स्थितींत जवळच्या भिंतीवरील भाराची दाटी समोरच्या भिंतीवरील दाटीच्या सत्तावीसपट असते. जवळची दाटी अधिक असल्यामुळें गोळीहि त्या भिंतीकडे ओढली जाते. आंत एवढी उलथापालथ होते. परंतु बाहेरच्या अंगावर काय होतें? कांहीं नाहीं. बाहेरचा भार आणि आंतला भार यांच्यामध्यें धातूची भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या अंगांत ओढ नाहीं. तेव्हां आंतल्या गर्दीची वार्ता बाहेरच्या भाराला पोंचणार कशी? बाहेरचा भार केवळ बाहेरच्या आकाराला अनुसरून पसरतो. गोल असेल तर सर्वत्र सारखा. बाहेरून पाहणाराला असेंच वाटेल कीं, सर्व भार गोलाच्या मध्यबिंदूंत आहे. मग आंतली गोळी खरोखर कोठेंहि असो.

आपल्याकडे म्हण आहे, झांकली मूठ सव्वा लाखाची. विजेची झांकली मूठ याहून प्रामाणिक आहे. तिच्यांत किती आहे, हें ती बाहेर बिनचूक सांगते. कोठें आहे, हें मात्र सांगत नाहीं. आणि गोळी तळाला टेकली तरी पानें कां हलत नाहींत, हेंहि आतां उघड होतें. गोळीवरील भार आणि आंतल्या अंगावरील विरुद्ध भार बरोबर सारखे असल्यामुळें एकमेकांना मिटवितात, आणि बाहेरचा भार होता तसाच राहतो. जर ते सारखे नसते, तर पानें त्या क्षणीं थोडी तरी हललीं असतीं. येथेंहि पुन्हां न हलण्यानेंच साक्ष दिली.

हा गणिताचा भाग फॅराडे यांनीं लिहिला नाहीं. तो लिहिण्यास साधन दिलें तें आणखी एका अल्पशिक्षिताने. जॉर्ज ग्रीन हे नॉटिंगहॅमजवळ पवनचक्कीवर पीठ दळणारे गृहस्थ. लहानपणीं शाळेंत गेले ते वर्ष-दीड वर्ष. त्यांनीं १८२८ सालीं, वर्गणीदार मिळवून, वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावर एक निबंध छापला. बंदिस्त वाहकाच्या आंतील आणि बाहेरील भार परस्परांपासून कसे अलग राहतात, याचा हिशेब करण्याची रीत त्यांत होती. तो कोणी फारसा वाचला नाहीं. ग्रीन १८४१ सालीं वारले. चार वर्षांनीं तो निबंध विल्यम टॉम्सन या तरुणाच्या हातीं पडला आणि त्यांनीं तो पुन्हां छापविला. हेच पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले. कुठें भिंतीवर किती दाटी होईल, हें आरशांतील प्रतिबिंबाच्या धर्तीवर काढण्याची युक्तीहि त्यांचीच. मघांचा सत्तावीसचा आंकडा त्याच युक्तीनें निघतो.

तिकडे हें चाललें असतां इकडे काय चाललें होतें, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. फॅराडे आपल्या बारा फुटी खोलींत बसले, त्याच्या चारच वर्षें आधीं, १८३२ च्या जानेवारींत, बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईस 'दर्पण' काढलें होतें. आणि बादलीच्या प्रयोगापूर्वीं तीन वर्षें, १८४० सालीं, शास्त्रीय विषय मराठींत आणण्याच्या हेतूनें 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलें होतें. बाळशास्त्री १८४६ सालीं, ऐन तारुण्यांत, निवर्तले. पुढें आमच्या कोल्हापुरांत, राजाराम कॉलेजांत विज्ञान शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेंच काम हातीं घेतलें आणि सामान्य वाचकांसाठीं मराठींत शास्त्रीय पुस्तकें लिहिलीं. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला मराठींत वीज समजावून देतां येते, ती या मंडळींनीं शब्द घडविले म्हणून.

राधानगरीचा आणि विजेचा संबंध तर निराळाच आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भोगावतीवर धरणाचें काम आरंभिलें. तें मध्यंतरीं थांबलें, पुन्हां सुरू झालें, आणि स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. त्या पाण्यावर धरणाच्या पायथ्याशीं वीज निर्माण होते. फॅराडे यांनींच १८३१ सालीं शोधून काढलेल्या तत्त्वावर तेथील जनित्रें फिरतात. आणि जगांत ठिकठिकाणीं अतिउच्च दाबाच्या चालू तारांवर काम करणारे कारागीर धातूचे तंतु विणून केलेला अंगरखा घालतात, तो दुसरें तिसरें कांहीं नसून फॅराडे यांची ती बारा फुटी खोलीच माणसाच्या मापाची शिवलेली आहे.

आतां त्या मोटारीकडे परत जाऊं. पुष्कळ सुशिक्षितांचीहि अशी समजूत आहे कीं, मोटारीला रबराचीं चाकें असतात म्हणून आंतलीं माणसें विजेपासून वांचतात. ही समजूत चुकीची आहे, आणि धोक्याची आहे. कारण तीवर विसंबून मनुष्य मोटारसायकलवरहि निर्धास्त राहील. आभाळापासून कोसभर हवा भेदून आलेली वीज वीतभर रबराला भीक घालणार नाहीं. संरक्षण मिळतें तें भोंवतालच्या धातूच्या कवचानें. फॅराडे यांची खोली जमिनीपासून अलग होती, तरी ते आंत सुरक्षित राहिले. ती जमिनीला जोडलेली असती, तरीहि राहिले असते. बाहेरच्या विजेपासून आंतल्याला राखण्यासाठीं जमिनीशीं जोड असो वा नसो, कवच पुरेसें आहे. उलट, आंतल्या भाराची वार्ता बाहेर जाऊं द्यावयाची नसेल, तर मात्र कवच जमिनीला जोडावें लागतें. तसें केलें म्हणजे बाहेरच्या अंगावरचा भार निघून जातो. एवढाच काय तो आंत-बाहेरचा भेद.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोसळणारी वीज ही कळशींतल्या गोळीप्रमाणें स्वस्थ बसलेली नसते. ती वाहती आणि क्षणभंगुर असते. तरीसुद्धां ती धातूच्या बाहेरच्या अंगानेंच जमिनीकडे जाते, आणि आंत बसलेल्यास सामान्यतः अपाय होत नाहीं. मात्र मोटारीचें छप्पर आणि बाजू धातूच्या असाव्यात, खिडक्या लावलेल्या असाव्यात, आणि आंतल्यानें धातूला स्पर्श करूं नये. एक हात दाराला आणि एक पाय जमिनीला, अशा स्थितींत उतरणें हें सर्वांत वाईट. ताडपत्रीच्या छपराची जीप, ट्रॅक्टर, चार खांबांवर पत्रा टाकलेली उघडी शेड, हीं पोकळ भांडीं नव्हेत. तेथें हें संरक्षण मिळत नाहीं. आणि एकाकी झाड तर मुळींच नव्हे. झाडाखालीं उभा राहिलेला मनुष्य पोकळीच्या आंत नसतो. तो विजेच्या वाटेवर असतो. दर वर्षीं वळवाच्या दिवसांत शेतांत आणि रानांत जीं माणसें दगावतात, त्यांत झाडाचा आसरा घेतलेलीं किती तरी असतात. आमच्याकडे पायाळू माणसावर वीज पडते, अशी जुनी समजूत आहे. वीज जन्मपत्रिका पाहत नाहीं. ती उंची पाहते, आणि वाट पाहते.

झाड बाजूस करावयास त्या दिवशीं तासभर लागला. पाऊस ओसरला, तेव्हां मोटार निघाली. राधानगरीस उतरतांना त्या बाई मजकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, काय बी झालं न्हाई बघा." त्यांच्या मनांतून राग गेला होता, आणि माझें म्हणणें खरें ठरलें, असेंहि त्यांना वाटलें असावें.

परंतु, श्रोतेहो, मला तें श्रेय घेतां येत नाहीं. त्या दिवशीं कांहीं झालें नाहीं, याचें कारण कदाचित् इतकेंच असेल कीं, वीज आमच्या मोटारीवर पडलीच नाहीं. आंब्याखालीं गेलेला मनुष्यहि त्या दिवशीं सुखरूप घरीं आला असता, आणि त्यानें जन्मभर आंब्याचेंच गुणगान केलें असतें. आपल्या बहुतेक खोट्या समजुती अशाच 'कांहीं झालें नाहीं' वर जगतात. कॅव्हेंडिश यांच्या गोळ्याहि हलल्या नाहींत. पण किती भार असता तर त्या हलल्या असत्या, हें त्यांनीं आधीं पाहून ठेवलें होतें. फॅराडे यांच्या आंतल्या मेणबत्तीला कांहीं झालें नाहीं. पण त्याच वेळीं बाहेर ठिणग्या उडत होत्या. त्यांच्या 'कांहीं नाहीं' ला किंमत आहे, आणि आमच्या 'कांहीं नाहीं' ला नाहीं, ती याच फरकामुळें.

म्हणून त्या बाईंना माझें उत्तर असें आहे: आजी, त्या दिवशीं आपण वांचलों म्हणून माझें ऐकूं नका. खोलीच्या बाहेर ठिणग्या उडत असतां एक लोहाराचा मुलगा आंत मेणबत्ती घेऊन बसला होता, म्हणून ऐका. आणि पुढच्या वळवाला आंब्याखालीं जाऊं नका.